ब्रेक्झिट: उद्योगांचा कौल आणि सीमेवरचा हिशोब

ऑक्सफर्डच्या काउली भागात तयार होणारी ‘मिनी’ ही ब्रिटिशांची लाडकी मोटार. तिची मालकी मात्र बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीकडे आहे. ब्रिटन युरोपीय संघात होता त्या काळात तिच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट कसा तयार व्हायचा, ते पाहण्यासारखं आहे. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनची खालीवर होणारी हालचाल गोल फिरवून चाकांकडे पोचवणारा दांडा. त्याचं ओतकाम फ्रान्समध्ये व्हायचं. तिथून तो इंग्लिश खाडी ओलांडून बर्मिंगहॅमजवळच्या हॅम्स हॉल कारखान्यात यायचा. तिथे त्याला घासून, भोकं पाडून अचूक मापात आणलं जायचं. मग पुन्हा खाडी ओलांडून तो म्युनिकला जायचा आणि इंजिनात बसायचा. ते इंजिन तिसऱ्यांदा खाडी ओलांडून ऑक्सफर्डला पोचायचं. तयार मोटार युरोपात विकली गेली, तर ही चौथी फेरी. सुमारे ३ हजार किलोमीटरच्या या प्रवासात कुठेही आयातशुल्क भरावं लागत नसे आणि सीमेवर कुणी कागद मागत नसे.

ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा की नाही, यावर २०१६ साली वाद पेटला तेव्हा उद्योगांचं हित कशात आहे हा प्रश्न रोज चर्चेत होता. त्याचं उत्तर ठरलेलं असल्यासारखं बोललं जायचं: उद्योगांना संघातच राहायचं आहे. प्रत्यक्षात उद्योगांची अशी एक बाजू नव्हतीच. कुणाचा माल सीमा ओलांडतो, कुणाचे कामगार ओलांडतात, कुणाला कुठले नियम जाचतात, यावर ज्याचं त्याचं हित ठरत होतं. आणि संघ सोडल्याची झळ ज्यांना सर्वांत जास्त बसली, त्या छोट्या व्यावसायिकांचा आवाज या गदारोळात सर्वांत कमी ऐकू आला.

क्रँकशाफ्टचा तो विनासायास प्रवास दोन वेगवेगळ्या व्यवस्थांमुळे शक्य झाला होता. चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली व्यवस्था सीमाशुल्क संघाची. सदस्य देश एकमेकांच्या मालावर शुल्क लावत नाहीत आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळे मिळून एकच शुल्क लावतात. त्यामुळे बाहेरच्या देशांशी व्यापार करार करण्याचा अधिकार एकट्यादुकट्या देशाकडे राहत नाही. दुसरी व्यवस्था सामायिक बाजारपेठेची. तिच्यात माल, सेवा, भांडवल आणि माणसं या चारही गोष्टींना मोकळी वाट असते, आणि तसं व्हायचं तर नियमही सगळीकडे सारखे लागतात. खेळण्याच्या रंगात शिसं किती चालेल, औषधाची चाचणी कशी व्हावी, दुधाच्या पदार्थांची तपासणी कुणी करावी, हे एकदा ठरलं की लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत तेच लागू. आयातशुल्क शून्य करणं तुलनेने सोपं असतं. सीमेवर ट्रक थांबतो तो बहुतेक वेळा या नियमांच्या तपासणीसाठी.

सामायिक बाजारपेठ उभी करण्यात ब्रिटनचा वाटा मोठा होता. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने युरोपीय कारभाराचं मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्सला पाठवलेले आयुक्त लॉर्ड कॉकफील्ड यांनी तिचा आराखडा तयार केला, १९८६ साली त्यासाठीच्या करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९३ पासून ती प्रत्यक्षात आली. १९८६ सालीच ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडला निस्सानच्या कारखान्याचं उद्घाटन थॅचर यांच्या हस्ते झालं. गोद्या आणि कोळशाच्या खाणी बंद पडत असलेल्या त्या भागात जपानी कंपनी आली ती युरोपभर मोटारी विकण्यासाठी. पाठोपाठ होंडा आणि टोयोटा आल्या.

त्याआधी १९७५ साली ब्रिटनने याच प्रश्नावर एकदा कौल दिला होता. एडवर्ड हीथ यांच्या सरकारने १ जानेवारी १९७३ रोजी देशाला तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात नेलं. अडीच वर्षांत मजूर पक्षाच्या सरकारने सार्वमत घेतलं. त्या वेळी उद्योगजगत जवळपास एकमुखाने राहण्याच्या बाजूने होतं. राहण्याच्या मोहिमेने सुमारे १५ लाख पौंड खर्च केले, तर बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या हाती दीड लाखही नव्हते. विरोध होता तो टोनी बेन यांच्यासारख्या डाव्या नेत्यांचा आणि बऱ्याच कामगार संघटनांचा. भांडवलदारांची ही युती कामगारांच्या मुळावर येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ६७ टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला. चाळीस वर्षांनी चित्र पालटलं. कामगार संघटना राहा म्हणू लागल्या, आणि बाहेर पडा म्हणणाऱ्यांत उजव्या विचाराचे नेते आणि काही बडे उद्योजक आघाडीवर आले.

२३ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आलं. संघात राहण्याची बाजू घेणाऱ्या त्या पत्रावर १९८ उद्योगप्रमुखांच्या सह्या होत्या. लंडन शेअर बाजारातल्या अव्वल १०० कंपन्यांपैकी ३६ कंपन्यांचे प्रमुख त्यांत होते. आकडा दमदार दिसतो. पण याचा दुसरा अर्थ असा की ६४ कंपन्यांच्या प्रमुखांची सही नव्हती. टेस्को आणि सेन्सबरीज ही सुपरमार्केटं त्यांत होती. त्यांचं गिऱ्हाईक दोन्ही बाजूंना होतं, आणि दूध-पाव विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला मत कुणाला द्यावं हे सांगायचं नसतं.

संघटनांमध्येही एकवाक्यता नव्हती. कॉन्फेडरेशन ऑफ ब्रिटिश इंडस्ट्री या बड्या उद्योगांच्या संघटनेने केलेल्या पाहणीत ८० टक्के सदस्य राहण्याच्या बाजूचे निघाले आणि अवघे ५ टक्के सोडण्याच्या. गावोगावच्या व्यापारी मंडळांची शिखर संस्था असलेल्या ब्रिटिश चेंबर्स ऑफ कॉमर्समधलं चित्र वेगळं होतं. तिथे साधारण ५४ टक्के राहण्याच्या आणि ३७ टक्के सोडण्याच्या बाजूने होते. संस्थेने तटस्थ राहायचं ठरवलं होतं. तिचे महासंचालक जॉन लाँगवर्थ यांनी मार्च २०१६ मध्ये बाहेर पडण्यात देशाचं भलं होऊ शकतं, असं जाहीरपणे सांगितलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. कंपनी जितकी मोठी आणि जितकी युरोपाशी बांधलेली, तितका राहण्याचा आग्रह पक्का, असा ढोबळ क्रम यातून दिसतो. त्याला अपवाद होते, आणि ते अपवादच जास्त बोलके आहेत.

जेसीबीचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात खेड्यातल्या पोरालाही हे नाव माहीत आहे; खोदकामाच्या कुठल्याही पिवळ्या यंत्राला इथे जेसीबीच म्हणतात. कंपनी ब्रिटनमधल्या स्टॅफर्डशायरची, बॅमफर्ड घराण्याची. तिचे भारतात कारखाने आहेत, त्यांतला एक पुण्याजवळ तळेगावला. अँथनी बॅमफर्ड यांनी कामगारांना पत्र लिहून संघाबाहेर पडण्याला आपला पाठिंबा असल्याचं कळवलं. ब्रिटनला स्वतःचे करार स्वतः करता येतील, हा त्यांचा मुद्दा. ज्या कंपनीचा माल भारतापासून अमेरिकेपर्यंत खपतो, तिला युरोप ही अनेक बाजारपेठांपैकी एक वाटणं स्वाभाविक होतं. ब्रुसेल्सशी जुनं वाकडंही होतं. वितरकांवर लादलेल्या अटींवरून युरोपीय आयोगाने २००० साली जेसीबीला सुमारे ४ कोटी युरोंचा दंड ठोठावला होता. न्यायालयाने तो पुढे कमी केला.

व्हॅक्यूम क्लीनर बनवणारे जेम्स डायसन यांची तक्रार आणखी नेमकी होती. २०१४ पासून युरोपात व्हॅक्यूम क्लीनरवर ऊर्जाक्षमतेचं लेबल सक्तीचं झालं. यंत्राची चाचणी घ्यायची ती आत धूळ नसताना. डायसन यांचं यंत्र पिशवीविना चालणारं. पिशवीवाल्या यंत्रात धूळ साठत गेली की हवेची वाट कोंडते आणि खेचण्याची ताकद उतरते. म्हणजे रिकाम्या पिशवीने घेतलेल्या चाचणीत ते यंत्र घरातल्या वापरापेक्षा सरस ठरणार. आपल्या जर्मन स्पर्धकांच्या सोयीचा हा नियम आहे, असं डायसन यांचं म्हणणं होतं. २०१३ साली ते न्यायालयात गेले. आधी दावा फेटाळला गेला, अपिलात तो पुन्हा उभा राहिला, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्याच न्यायालयाने त्यांचं म्हणणं मान्य करून तो नियम रद्द केला. तोवर पाच वर्षं गेली होती. नियम सगळ्यांना सारखा असला तरी तो लिहिताना टेबलाभोवती कोण बसलं होतं, याला किती महत्त्व असतं ते या प्रकरणात दिसतं. संघाबाहेर पडलं की त्या टेबलावरची खुर्ची जाते आणि युरोपात माल विकायचा तर नियम तरीही पाळावा लागतो, असं राहा म्हणणारे त्यावर सांगत. दोन्ही म्हणणी खरी होती.

टिम मार्टिन यांची गोष्ट निराळी. वेदरस्पून या त्यांच्या पबसाखळीचा धंदा जवळपास सगळा ब्रिटन आणि आयर्लंडमधला. सार्वमताआधी त्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या दोन लाख कागदी चकत्यांवर सोडण्याच्या बाजूचा मजकूर छापून आपल्या पबांत वाटला. बचतदारांना गुंतवणुकीच्या योजना विकणाऱ्या ब्रिस्टलच्या हार्ग्रीव्हज लान्सडाउन कंपनीचे संस्थापक पीटर हार्ग्रीव्हज यांनी सोडण्याच्या मोहिमेला ३२ लाख पौंड दिले. त्यांचंही गिऱ्हाईक घरचंच होतं.

लंडनच्या वित्तक्षेत्रात तर एकाच गल्लीत दोन तट पडले. मोठ्या बँका राहण्याच्या बाजूने ठाम होत्या. गोल्डमन सॅक्स आणि जेपी मॉर्गन यांनी त्या मोहिमेला प्रत्येकी ५ लाख पौंड दिले. कारण होतं ‘पासपोर्ट’ नावाची सवलत. लंडनमध्ये एकदा परवाना मिळाला की त्यावर सबंध संघात सेवा विकता येत असे, आणि सुमारे साडेपाच हजार ब्रिटिश संस्था या सवलतीवर धंदा करत होत्या. श्रीमंतांचा पैसा जोखमीच्या व्यवहारांत गुंतवणारे हेज फंड चालवणाऱ्या काही धनाढ्यांना मात्र २००८ च्या संकटानंतर युरोपने आणलेली बंधनं जाचत होती. क्रिस्पिन ओडी यांच्यासारख्यांनी आपलं वजन दुसऱ्या पारड्यात टाकलं.

छोट्या धंद्यांपर्यंत उतरलं की हिशोब आणखी बदलतो. ब्रिटनमधली बहुतेक ‘इंडियन’ रेस्टॉरंटं बांगलादेशी कुटुंबांची, विशेषतः सिल्हेटहून आलेल्यांची. त्यांना तंदूर सांभाळणारा, मसाल्याची जाण असलेला आचारी उपखंडातून आणायचा तर व्हिसाच्या कडक अटी आडव्या येत. पोलंड किंवा रोमानियातून मात्र कुणीही येऊ शकत होता. हुजूर पक्षाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी नेमक्या या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं: संघ सोडला की युरोपीय माणसांना असलेला अग्रक्रम जाईल आणि आचाऱ्यांना वाट मोकळी होईल. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटनेतल्या अनेकांनी त्यावर विश्वास ठेवून पाठिंबा दिला. निकाल मनासारखा लागला, पण आचाऱ्यांसाठीच्या अटी लगेच काही सैल झाल्या नाहीत. आपली फसगत झाल्याचं संघटनेच्या नेत्यांनी पुढे उघडपणे सांगितलं.

मच्छीमारांचा राग सर्वांत जुना होता. युरोपच्या सामायिक मासेमारी धोरणामुळे ब्रिटनच्या समुद्रात फ्रेंच, डच, स्पॅनिश बोटींना वाटा मिळे. १५ जून २०१६ रोजी मासेमारी बोटींचा एक ताफा टेम्स नदीतून थेट संसदेपाशी आला. एका बोटीवर सोडण्याच्या मोहिमेचे नेते नायजेल फराज, तर समोरच्या बोटीवर राहण्याच्या बाजूचे गायक बॉब गेल्डॉफ, पाण्यावरच जुंपली. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत मासेमारीचा वाटा जेमतेम ०.१ टक्का, पण समुद्र आपला की परक्याचा हा प्रश्न कुठल्याही टक्केवारीपेक्षा लोकांना लवकर समजला. त्याला इतिहासही होता. डेन्मार्कच्या छत्राखालच्या ग्रीनलंडने मासेमारीच्या हक्कांवरूनच १९८२ साली सार्वमत घेतलं आणि १९८५ साली युरोपीय समुदाय सोडला. पण बाहेर पडताना त्याने युरोपीय बोटींना मोबदला घेऊन मासेमारीची मुभा दिली आणि बदल्यात आपली मासळी युरोपात शुल्काविना विकण्याची सोय करून घेतली. मासे पकडण्याचा हक्क आणि मासे विकण्याची वाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी ओळखलं होतं.

सार्वमताची तारीख २३ जून २०१६. ५१.९ टक्के मतं सोडण्याच्या बाजूने, ४८.१ टक्के राहण्याच्या. निस्सानचा कारखाना असलेल्या संडरलंडमध्ये ६१ टक्के मतदारांनी सोडण्याचा कौल दिला. ब्रॉटनला एअरबसच्या विमानांचे पंख तयार होतात. ब्रॉटन ज्यात येतं त्या वेल्समधल्या फ्लिंटशायरमध्येही ५६ टक्के सोडण्याच्या बाजूने गेले. ज्यांचा पगार युरोपशी जोडलेला होता, त्या भागांनीच आपल्या मालकांचा सल्ला नाकारला.

असं का झालं? एक कारण २००८ सालच्या आर्थिक संकटात आहे. बँकांना सरकारने वाचवलं आणि त्यानंतरची काटकसर सोसली ती सामान्यांनी. त्याच बँका आठ वर्षांनी ‘संघ सोडलात तर नुकसान होईल’ असं सांगायला आल्या, तेव्हा त्यांचं ऐकायला लोक राजी नव्हते. दुसरं कारण आकड्यांच्या भाषेत होतं. संघ सोडल्यास १५ वर्षांनी प्रत्येक कुटुंबाचं वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान होईल, असं अर्थखात्याने सांगितलं. वर्षानुवर्षं पगार न वाढलेल्या माणसाला ती राष्ट्रीय उत्पन्नाची सरासरी आपली वाटली नाही. उलट ‘आठवड्याला ३५ कोटी पौंड ब्रुसेल्सला जातात’ हा लाल बसवर रंगवलेला आकडा लोकांच्या डोक्यात बसला. ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारा निधी त्यातून वजा केलेला नव्हता, तरीही.

तिसरं कारण सर्वांत नाजूक. राहण्याच्या मोहिमेचे अध्यक्ष स्टुअर्ट रोझ हे मार्क्स अँड स्पेन्सरचे माजी प्रमुख. मार्च २०१६ मध्ये खासदारांच्या समितीने त्यांना विचारलं: युरोपातून येणाऱ्या कामगारांवर मर्यादा आली तर कमी कौशल्याच्या कामांचे पगार वाढतील का? हो, वाढतील, असं ते म्हणाले, आणि ही काही चांगलीच गोष्ट असेल असं नाही, अशी पुस्तीही जोडली. मालकाचं हित आणि मजुराचं हित एकच नसतं हे कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत असतंच. इथे राहण्याच्या बाजूच्या म्होरक्याच्या तोंडूनच त्याची कबुली मिळाली.

अर्थखात्याच्या आणखी एका भाकिताने राहा म्हणणाऱ्यांची विश्वासार्हता पुढे आणखी घटवली. नुसत्या निकालानेच मंदी येईल आणि बेरोजगारी ५ लाखांनी वाढेल, असा इशारा होता. पौंड कोसळला, आयात महागली, पण मंदी आली नाही. २०१९ मध्ये बेरोजगारीचा दर १९७० च्या दशकानंतरच्या नीचांकाला गेला. नुकसान लगेच दिसलं नाही म्हणजे ते होणारच नव्हतं, असा समज त्यातून पसरला. प्रत्यक्षात तोवर ब्रिटन संघातच होता आणि मिनीचा क्रँकशाफ्ट पूर्वीसारखाच खाडी ओलांडत होता.

निकालानंतरही सीमाशुल्क संघात किंवा सामायिक बाजारपेठेत राहण्याचा पर्याय होता. नॉर्वेच्या जनतेने १९९४ साली सदस्यत्व नाकारलं, तरी तो देश सामायिक बाजारपेठेत आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांना असंच काही हवं होतं. पण जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी दोन्ही व्यवस्था सोडण्याचं जाहीर केलं. स्थलांतरावर नियंत्रण आणि स्वतंत्र व्यापार करार या दोन गोष्टी हव्या असतील तर दुसरा मार्ग उरत नाही, असा त्यांचा तर्क होता. हुजूर पक्ष म्हणजे उद्योगांचा पक्ष ही ब्रिटनमधली जुनी ओळख. त्याच पक्षाच्या सरकारने उद्योगांच्या संघटनांचं ऐकलं नाही. जून २०१८ मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी उद्योगांच्या चिंतेविषयी खासगीत शिवी हासडल्याची बातमी आली आणि ती साऱ्या देशात गाजली.

मग ज्याने त्याने आपापली सोय पाहिली. ऑक्टोबर २०१६ मध्येच निस्सानने सरकारकडून मदतीच्या आश्वासनाचं पत्र मिळवलं होतं. ते लोकांसमोर आलं २०१९ साली. मुंबईच्या टाटा मोटर्सने २००८ साली विकत घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरचे प्रमुख राल्फ स्पेथ यांनी जुलै २०१८ मध्ये सांगितलं, की कराराविना बाहेर पडल्यास कंपनीला वर्षाला १२० कोटी पौंडांचा फटका बसेल. त्याच वर्षी या कंपनीचा स्लोव्हाकियातला नवा कारखाना सुरू झाला. २०२३ साली टाटांनी सॉमरसेटमध्ये बॅटरीचा प्रचंड कारखाना उभारायचं जाहीर केलं, त्यामागे सरकारी मदतीचा हात होता. हजारो नोकऱ्या हातात असलेल्या कंपनीसाठी मंत्र्याचं दार उघडं असतं.

संघाबाहेर पडलेल्या ब्रिटनच्या युरोपीय संघाशी झालेल्या व्यापार करारावर ३० डिसेंबर २०२० रोजी सह्या झाल्या आणि दोन दिवसांनी नवी व्यवस्था सुरू झाली. शुल्क शून्य, असं मोठ्या अक्षरांत छापून आलं. पण ते शून्य फक्त ‘मूळ ब्रिटनचा’ ठरणाऱ्या मालासाठी होतं. मोटारीत बाहेरच्या देशांतले सुटे भाग ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर १० टक्के शुल्क लागणार, म्हणजे प्रत्येक भागाचं जन्मस्थान कागदोपत्री सिद्ध करणं आलं. खाद्यपदार्थांना तर पशुवैद्यकाच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागू झालं. चेशायरमधली एक चीज कंपनी युरोपातल्या गिऱ्हाइकांना तीसेक पौंडांची भेटपेटी पाठवायची. आता अशा प्रत्येक पार्सलसाठी १८० पौंडांचं प्रमाणपत्र हवं, असं तिला कळलं. हजारो पेट्या भरलेल्या ट्रकलाही जवळपास तेवढाच खर्च येतो. नव्या व्यवस्थेतला सगळा अन्याय या एका प्रमाणपत्रात दिसतो: प्रत्येक फेरीचा खर्च ठरलेला असतो, आणि माल जितका थोडा तितका तो प्रत्येक नगावर जड पडतो.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे खेकडे, शेवंडं आणि लँगूस्टीन फ्रान्स-स्पेनच्या बाजारात ताजे पोचले तरच भाव मिळतो. जानेवारी २०२१ मध्ये कागदपत्रांच्या घोळात माल अडकून सडू लागला, तेव्हा निर्यातदारांनी आपले ट्रक लंडनला नेऊन सरकारच्या दारात उभे केले. शिंपल्यांचा व्यवसाय त्याहून बिकट अवस्थेत सापडला. ब्रिटनच्या बऱ्याच किनाऱ्यांवरच्या शिंपल्या आधी शुद्ध पाण्यात ठेवून मगच खाण्यायोग्य होतात. संघात असताना त्या तशाच जिवंत पाठवून युरोपात शुद्ध करता येत होत्या. बाहेरच्या देशासाठी युरोपच्या नियमांत ही मुभाच नव्हती.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०२४ च्या अखेरीस कंपन्यांच्या सीमाशुल्क नोंदी तपासून काढलेला निष्कर्ष मुळातून पाहावा असा आहे. युरोपला माल पाठवणाऱ्या सुमारे १६,४०० कंपन्यांनी, म्हणजे एकूण अशा कंपन्यांपैकी १४ टक्क्यांनी, तिकडची निर्यात पार थांबवली. सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या निर्यातीवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. वर्तमानपत्रांत पत्रं लिहून धोक्याचा इशारा देणाऱ्यांनी वकील, कस्टम्सचे दलाल आणि परदेशातली गोदामं यांच्या जोरावर वाट काढली. ज्यांना यातलं काहीच परवडत नव्हतं, त्यांनी युरोपचं गिऱ्हाईक सोडलं. सरकारी अंदाजपत्रकांवर स्वतंत्रपणे लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार, संघात राहिल्यास ब्रिटनची उत्पादकता जिथे पोचली असती त्यापेक्षा ती दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील.

जमेच्या बाजूला काय? स्वतःचे करार करण्याचं स्वातंत्र्य. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटनच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यानुसार स्कॉच व्हिस्कीवरचं भारताचं १५० टक्के आयातशुल्क निम्म्यावर आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार आहे. संघात राहून ब्रिटनला हे एकट्याने करता आलं नसतं. पण या करारामुळे दीर्घकाळात ब्रिटनचं वार्षिक उत्पन्न ४८० कोटी पौंडांनी, म्हणजे ०.१३ टक्क्याने वाढेल, असा ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे.

नियमांच्या स्वातंत्र्याविषयी महाराष्ट्राला जवळचं एक उदाहरण आठवतं. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा आणि वांगी, अळू, कारली, पडवळ या भाज्यांची आयात बंद केली. आधीच्या वर्षी मालात फळमाशी आणि इतर कीड सापडली होती. ब्रिटनमधल्या साउथॉल आणि लेस्टर या भारतीय वस्तीच्या भागांतल्या दुकानदारांचा ऐन हापूसचा हंगाम बुडाला आणि ब्रुसेल्सच्या नावाने ओरड झाली. पण ब्रिटनच्या कृषिखात्याने त्या बंदीचं समर्थनच केलं होतं, कारण देशातल्या टोमॅटो आणि काकडीच्या पिकांना या किडीची भीती होती. भारताने तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली. नियम लंडनमध्ये लिहिला असता, तरी हापूस विकणारा आणि टोमॅटो पिकवणारा यांच्यातून सरकारला एकाची निवड करावीच लागली असती.

१९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाची शिखर बैठक झाली. खाद्यपदार्थांची सीमेवरची तपासणी कमी करण्यासाठी वेगळा करार करायचं ठरलं. त्या बदल्यात ब्रिटन या क्षेत्रातले युरोपचे नियम, पुढे बदलतील तसे, पाळत राहणार. ते ठरवताना मत मात्र देता येणार नाही. त्याच बैठकीत युरोपीय बोटींना ब्रिटनच्या समुद्रात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवून देण्यात आली. स्कॉटलंडच्या बोटमालकांच्या संघटनेने या तडजोडीवर कडाडून टीका केली. खाड्यांत पिंजरे टाकून सॅमन मासा वाढवणाऱ्या आणि तो फ्रान्सला पाठवणाऱ्या स्कॉटिश कंपन्यांनी तिचं त्याच दिवशी स्वागत केलं.